सहा मिलिमीटरचा माणूस: बरोक काळातील निसर्ग-एचिंगमधले सामान्य लोक

मुद्राचित्रण शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. सतराव्या शतकातील, म्हणजे बरोक काळातील, निसर्गदृश्यांच्या एचिंगमध्ये (तांब्याच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खोदून छापलेल्या चित्रांमध्ये) गळ टाकून बसलेला कोणी, गुराखी, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई, पुलावर टेकलेले दोघे अशी बारीक बारीक माणसे दिसतात. त्यांच्याबद्दल ‘ती फक्त आकारमान कळावे म्हणून असतात’ असे तिला सांगण्यात आले आहे. ते खरे आहे का? ती माणसे खऱ्या माणसांवरून काढलेली असत, की ठरलेल्या नमुन्यांवरून? आणि ती स्वतः प्लेटवर अशी माणसे काढते तेव्हा छापल्यावर त्यांचे डाग का होतात? मी तीस वर्षे तांब्याच्या प्लेटवर काम करतो आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे शिकवतोही आहे. तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पण त्याचे उत्तर पहिल्या दोहोंमधून जाते, म्हणून क्रमाने सांगतो.

आकारमानाचे कारण खोटे नाही, अपुरे आहे. झाड किती उंच आणि मैदान किती लांब हे सांगायला एक गाय पुरते, आणि गाय काढणे माणूस काढण्यापेक्षा सोपे असते. तरीही चित्रकार माणूस काढतो आणि त्याला काहीतरी करायला लावतो. बहुतेक निसर्ग-एचिंगमध्ये दूरच्या माणसाची उंची पाच ते दहा मिलिमीटर असते. तेवढ्यात चेहरा मावत नाही. म्हणून ही माणसे ओळखायची ती पाठीच्या बाकावरून, खांद्यावरच्या ओझ्यावरून, टोपीच्या काठावरून आणि मुख्य म्हणजे ती कुठे पाहत आहेत यावरून. चेहरा नसलेल्या माणसाला त्याच्या कामावरून ओळखण्याची ही सवय एकदा लागली की चित्र वेगळे दिसू लागते. निदान माझे तसे झाले.

आधी हत्यारांचे बोलू, कारण ही माणसे कागदावर आली ती हत्यारांमुळे. एनग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन, म्हणजे टोकदार कोरणी, हाताने तांब्यात ढकलावा लागतो. वळण हवे असेल तर चामड्याच्या गादीवर ठेवलेली प्लेटच फिरवावी लागते. त्या शिस्तीतून भव्य, घोटीव देह निघतात, पण रस्त्यावरून लगबगीने जाणारी बाई चार फटकाऱ्यांत पकडता येत नाही. एचिंगमध्ये तांब्यावर ग्राउंडचा, म्हणजे ॲसिड अडवणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो आणि सुई त्यावरून लेखणीसारखी धावते. तांबे खोदण्याचे काम ॲसिड करते. म्हणून ज्याला चित्र काढता येते त्याला, कोरक्याची अनेक वर्षांची उमेदवारी न करता, प्लेटवर काम करता येते. चित्रकारांनी हे माध्यम स्वतःच्या हातात घेतले आणि वहीत टिपलेली माणसे जवळजवळ तशीच तांब्यावर उतरू लागली.

तरीही एक अडचण उरत होती. मेणाचे ग्राउंड नाजूक असते. दोन रेषा फार जवळ आल्या, किंवा एकमेकींवरून फार वेळा गेल्या, की मधला मेणाचा तुकडा उचकटतो, तिथे ॲसिड शिरते आणि माणसाचा डाग होतो. लोरेनमधल्या नान्सी गावच्या झाक कालोने (1592–1635) ही अडचण सोडवली. फ्लॉरेन्समध्ये तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या दरबारासाठी काम करत असताना त्याने वाद्ये बनवणाऱ्या कारागिरांचे कठीण व्हार्निश ग्राउंड म्हणून वापरायला घेतले. त्याच्या जोडीला त्याने एशोप हे, तिरक्या कापलेल्या गोल टोकाचे हत्यार वापरले. ते बोटांत फिरवले की एकाच फटकाऱ्यात रेषा बारीक निघून फुगते आणि पुन्हा बारीक होते. चार मिलिमीटरच्या माणसाची मांडी दाखवायला याहून चांगली युक्ती मला माहीत नाही: एक फुगती रेषा, आणि पाय तयार. ही सगळी रीत आब्राम बोस याने 1645 मध्ये पॅरिसला छापलेल्या ग्रंथात पायरीपायरीने लिहून ठेवली. एचिंगवरचा तो पहिला सविस्तर पाठ्यग्रंथ मानला जातो.

कालोचे 1620 चे ‘इम्प्रुनेताची जत्रा’ हे त्या व्हार्निशचे उघड प्रात्यक्षिक आहे. फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावी संत लूकच्या दिवशी भरणारी जत्रा, अर्ध्या मीटरहून रुंद प्लेट, आणि तिच्यात हजाराहून अधिक माणसे. शिवाय घोडे, गाढवे आणि मोजता येणार नाहीत इतकी कुत्री. प्लेट ग्रँड ड्यूक कोसिमो दुसरा याला अर्पण केलेली आहे, पण ड्यूकच्या दर्जाचे लोक त्या गर्दीत शोधावे लागतात. सौदा करणारे, माल मांडून बसलेले, नुसतेच उभे राहिलेले, भीक मागणारे, दर्जावरून कोणाचीही रेषा बदललेली नाही. आपल्याकडे यात्रेला गेलेल्या कोणालाही ही गर्दी समजावून सांगावी लागत नाही. रेषा बदलते ती अंतरावरून: पुढची माणसे जाड, काळ्या रेषेत आणि मागची केसासारख्या रेषेत आहेत. ते खोलीचे गणित मुख्यतः ॲसिडमध्ये किती वेळ ठेवले यावर सोडवलेले आहे. त्याकडे शेवटी येतो.

पण कालोचे खरे मोठेपण मला जत्रेत दिसत नाही. लोरेनवर फ्रेंच सैन्य आले त्या वर्षी, 1633 मध्ये, त्याची ‘युद्धाच्या मोठ्या विपदा’ ही अठरा चित्रांची माला निघाली. प्रत्येक प्लेट जेमतेम आठ सेंटिमीटर उंच आणि अठरा-एकोणीस सेंटिमीटर रुंद आहे. त्यातल्या फाशीच्या चित्रात मध्यभागी एक मोठे झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना माणसे लटकलेली आहेत. शिडीवर क्रूस घेऊन एक पाद्री चढला आहे. झाडाखाली, उजव्या बाजूला, एका नगाऱ्यावर फासे टाकले जात आहेत. या प्लेटमधला कोणताही माणूस मोठा केलेला नाही. मेलेला आणि फासे खेळणारा एकाच मापाचे आहेत. पाहणारा आधी झाड पाहतो, मग फळांसारखे लटकलेले काहीतरी पाहतो, आणि मग त्याला कळते. निसर्गदृश्याच्या चौकटीत, सामान्य माणसांच्या आकाराला हात न लावता, एवढा धक्का दुसऱ्या कोणी दिलेला मी पाहिलेला नाही. याच मालेत पुढे शेतकरी सैनिकांवर सूड उगवताना दिसतात. तेही तितकेच लहान आणि तितकेच शांतपणे काढलेले.

उत्तरेला, हॉलंडमधल्या हार्लेम शहराच्या आसपास, गोष्ट अगदी निराळी आहे. क्लास यान्स फिस्खर याने 1611–12 च्या सुमारास हार्लेमभोवतालच्या ‘रम्य ठिकाणां’ची एक छोटी माला काढली आणि तिच्या आरंभी म्हटले की दूरच्या प्रवासाला ज्यांना वेळ नाही अशा रसिकांसाठी ही चित्रे आहेत. त्यांत काय आहे? झान्डफोर्टचा किनारा, रस्त्यावरच्या खाणावळी, वाळूच्या टेकड्यांना लागून असलेली तागाचे (लिननचे) कापड धुऊन पांढरे करण्याची कुरणे. या कुरणांतल्या माणसांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण ती नुसती शोभेला ठेवलेली वाटतात आणि नाहीत. हार्लेमचे तागाचे कापड प्रसिद्ध होते. वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी, क्षार आणि ताक यांच्या आलटून-पालटून प्रक्रिया करून ते महिनोन् महिने उन्हात अंथरले जाई आणि सतत ओले ठेवले जाई. हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करत. म्हणून या चित्रांत जमिनीवर लांब पांढऱ्या पट्ट्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये वाकलेल्या, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आकृत्या. एचिंगमध्ये पांढरे म्हणजे न कोरलेले तांबे. चित्रकाराने कापडासाठी काहीच केलेले नाही; त्याने फक्त वाकलेली बाई काढली, आणि तिच्या पायाशी सोडलेला कोरा कागद आपोआप ताग झाला. माणूस इथे जमिनीचा अर्थ ठरवतो. ती बाई झाकली तर त्या जागी रस्ता असेल, पाणी असेल, काहीही असेल.

एक तुलना मराठी वाचकाला उपयोगी पडेल. फिस्खरच्या मालेआधी पंधरा-सोळा वर्षे, 1596 मध्ये, यान हायखेन फान लिन्स्खोतेन याचा प्रवासग्रंथ हॉलंडमध्ये निघाला. लिन्स्खोतेन 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी नोकरीला होता. त्या ग्रंथात गोव्याच्या बाजाररस्त्याचे एक मोठे ताम्रपटचित्र आहे: छत्री धरून चालणारे नोकर, लिलाव, विक्रीला उभी केलेली माणसे, घोड्यावरचे साहेब. ग्रंथाच्या चित्रांचे काम फान दूतेकुम घराण्यातल्या कोरक्यांनी केले होते आणि हस्तकौशल्यात ते कमी नाहीत. पण त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस नमुना म्हणून उभा आहे. अंगावरचा पोशाख नीट दिसावा म्हणून तो प्रेक्षकाकडे अंग करून राहिला आहे. हार्लेमची बाई प्रेक्षकाला ओळखही देत नाही, कारण ती आणि तिचे चित्र विकत घेणारा एकाच गावचे आहेत. परक्याला माणूस दाखवायचा असतो तेव्हा तो समोरून काढला जातो, आणि शेजारी पाठमोरा चालतो. बरोक निसर्ग-एचिंगमध्ये इतक्या पाठी का दिसतात, याचे माझ्या मते निम्मे उत्तर इथे आहे.

आता रेम्ब्रांट. 1643 चे ‘तीन झाडे’ हे त्याच्या निसर्ग-एचिंगमधले सर्वांत मोठे; तरी ते सुमारे एकवीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरच आहे, म्हणजे आपल्या ए-4 कागदाहून किंचित लहान. पहिल्यांदा पाहणाऱ्याला उजवीकडची तीन झाडे, डावीकडे कोसळणाऱ्या सरींच्या सरळ तिरक्या रेषा आणि दूरवर शहराची कड एवढे दिसते. मी वर्गात ही प्रतिमा देतो आणि माणसे मोजायला सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत मुलांना डावीकडच्या पाण्याकाठी गळ टाकलेला माणूस आणि त्याच्याजवळची बाई सापडते. मग मैदानातली गुरे आणि त्यांच्यामागची माणसे. मग कोणाला तरी टेकाडाच्या माथ्यावरून जाणारी, माणसांनी भरलेली गाडी दिसते. टेकाडावर उजवीकडे एक माणूस बसून चित्र काढतो आहे हे त्यानंतर कळते, आणि गंमत म्हणजे त्या चित्रकाराने वादळाकडे, झाडांकडे, आपण ज्याला ‘दृश्य’ म्हणतो त्या सगळ्याकडे पाठ केली आहे. तो चौकटीबाहेर पाहतो आहे. शेवटी उजव्या कोपऱ्यात, खाली, दाट झुडपाच्या काळोखात, एक जोडपे बसलेले आहे. ते सापडायला काही जणांना अर्धा तास लागतो आणि काहींना सापडतच नाही.

या जोडप्याकडे भिंगातून पाहिले की रीत कळते. ते रेषांनी काढलेले नाही, तर रेषांच्या गर्दीत सोडलेल्या पोकळीने काढलेले आहे. आधी दोन आकृत्यांचे हलके आकार, त्यावर झुडपाच्या जाळीदार रेषा, त्यावर ड्रायपॉइंटची गडद मखमल. ड्रायपॉइंटमध्ये सुईने थेट तांबे ओरखडले जाते आणि रेषेच्या कडेला उचललेला तांब्याचा बर शाई धरून ठेवतो. हा बर छापखान्याच्या दाबाखाली काही डझन प्रतींमध्येच चेपतो. त्यामुळे सुरुवातीच्या प्रतीत काळोखात बुडालेले कोणी उशिराच्या, झिजलेल्या प्रतीत वेगळ्या उजेडात येते. एकाच प्लेटच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये.

दोन वर्षांनी, 1645 मध्ये, त्याने ‘ओम्फाल’ केले. आम्स्टेल नदीकाठची ही एक जागा. डाव्या बाजूला जुने, फुटलेले झाड आणि त्याच्या आडोशाला पुन्हा एक जोडपे: मुलगा मुलीच्या डोक्यावर पानाफुलांचे वेटोळे ठेवतो आहे. मध्यभागी रुंद टोपी घातलेला एक माणूस पाठमोरा उभा आहे आणि नदीतल्या, छत असलेल्या उतारूंच्या होडीकडे पाहतो आहे. तो माणूस त्या होडीची वाट पाहत होता का? होडी चुकली का? चित्र सांगत नाही. पण त्याचे वजन एका पायावर आहे, आणि घाईतला माणूस असा उभा राहत नाही. त्याच वर्षीच्या ‘सिक्सच्या पुला’त कठड्यापाशी दोघे जण गप्पा मारत उभे आहेत, अक्षरशः आठ-दहा फटकाऱ्यांचे. नोकर शेजारच्या गावातून मोहरी घेऊन येईपर्यंत रेम्ब्रांटने ही प्लेट पैजेवर पुरी केली, अशी कथा अठराव्या शतकातल्या जेर्सां या व्यापाऱ्याने सांगितली आहे. कथा खरी असो वा नसो, प्लेट वाळलेल्या ग्राउंडसह पिशवीत घालून बाहेर नेता येते आणि एवढे काम तासाभरात होऊ शकते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. मोहरीची मुदत मला मिळालेली नाही.

रेम्ब्रांटने माणसाचे माप किती गंभीरपणे घेतले होते हे कळायला एक विलक्षण पुरावा आहे. हेर्कुलेस सेखर्स या चित्रकाराची, बायबलच्या कथेतले टोबायस आणि देवदूत यांची एक प्लेट होती, त्यात दोन्ही आकृत्या निसर्गापेक्षा वरचढ होत्या. 1653 च्या सुमारास ती प्लेट रेम्ब्रांटकडे असताना त्याने त्या दोन्ही आकृत्या घासून काढल्या आणि त्या जागी झाडी काढून तिच्याखाली इजिप्तला पळून जाणारे पवित्र कुटुंब (मेरी, जोसेफ आणि बाळ येशू) घातले, पण मूळ आकृत्यांपेक्षा पुष्कळ लहान, गाढवासह वाटेने जाणारे कोणतेही गरीब कुटुंब वाटावे असे. घासलेले तांबे सगळे विसरत नाही. देवदूताच्या पंखाच्या खुणा झाडीत आजही दिसतात. सेखर्सचे डोंगर त्याने तसेच ठेवले. म्हणजे निसर्ग बदलायचा नव्हता. त्यातल्या माणसाचा आकार बदलायचा होता.

रोममध्ये राहणाऱ्या क्लोद लॉरँ या निसर्गचित्रकाराबद्दल थोडक्यात. बाल्दिनुच्ची या चरित्रकाराने नोंदवलेला त्याचा विनोद प्रसिद्ध आहे: मी निसर्गदृश्य विकतो, आकृत्या फुकट देतो. हा दाखला आकृत्या गौण होत्या असे सिद्ध करायला नेहमी दिला जातो. पण त्याचे 1636 चे ‘गुराखी’ हे एचिंग पाहावे. बसलेला गुराखी आणि ओढा ओलांडणारी गुरे काढून टाकली तर त्या संध्याकाळला वेळच उरत नाही. गुरे घरी निघाली आहेत म्हणून ती संध्याकाळ आहे. फुकट दिलेली वस्तूही कधी कधी घराचा दरवाजा असते. हॉलंडहून इटलीला गेलेल्या यान बोतने खेचरवाले आणि वाटसरू यांच्याकडून हेच काम करून घेतले, जरा अधिक गोडव्याने. मला ते लवकर कंटाळवाणे होते. आद्रिआन फान ऑस्टाडेच्या सुमारे पन्नास एचिंगमध्ये तराजू उलटा आहे: शेतकरी मोठे, निसर्ग मागे, तो या प्रश्नाच्या सीमेवरचा कलावंत आहे, तरी लाकडी पुलावरून गळ टाकणाऱ्यांचे त्याचे छोटे चित्र कोणीही चुकवू नये.

दुसरा प्रश्न, खरी माणसे की साचे, याचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, आणि कोणते कुठे हे बऱ्याचदा ओळखता येते. कालो आणि त्याच्या वाटेने गेलेला फ्लॉरेन्सचा स्तेफानो देल्ला बेल्ला (1610–1664) हे रस्त्यावर अखंड रेखाटने करणारे लोक होते. देल्ला बेल्लाचे 1646 चे पॅरिसच्या पाँ नफ पुलाचे एचिंग त्या सवयीशिवाय शक्यच नव्हते. पण त्याच वेळी आकृत्यांच्या मालाही छापल्या जात. कालोने ‘काप्रिची’ आणि भिकाऱ्यांची माला काढली, साल्वातोर रोझाने 1656–57 च्या सुमारास सैनिक आणि गावकरी यांच्या साठाहून अधिक छोट्या प्लेटा काढल्या, आणि इतर कलावंत त्यांतून गरजेप्रमाणे माणसे उचलत. एकच काठी टेकलेला वाटसरू तीन वेगवेगळ्या कलावंतांच्या तीन देशांतल्या रस्त्यांवर भेटला तर तो साच्यातला समजावा. साच्यातल्या माणसाची आणखी एक खूण म्हणजे त्याचे पाय जमिनीत रुतलेले नसतात. जमिनीचा उतार त्याला माहीत नसतो.

उलटेपणाची खूणही उपयोगी आहे. प्लेटवर काढलेले कागदावर आरशातल्यासारखे उलटे उमटते. उजव्या हाताच्या माणसाची तलवार डाव्या कमरेला असते. छापील चित्रात सगळ्यांच्याच तलवारी उजवीकडे असतील, तर चित्र उलटवण्याची तसदी न घेता प्लेटवर उतरवले आहे. रेम्ब्रांटने 1640 च्या सुमारास काढलेले ॲम्स्टरडॅमचे दृश्य असेच उलटे आहे आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या छायारेषा प्लेटवर डावीकडून उजवीकडे चढतात आणि कागदावर त्याच्या उलट दिसतात. तलवार किंवा गळ योग्य हातात आणि छायारेषा मात्र उलट, असे दिसले, तर आकृती आधी कागदावर नीट विचारपूर्वक बसवली होती असे मानायला हरकत नाही.

अर्थाबद्दल एक सावधगिरी. काही अभ्यासक काठी घेतलेल्या प्रत्येक वाटसरूत आयुष्याच्या यात्रेकरूला आणि प्रत्येक गळात प्रेमाच्या किंवा आळसाच्या बोधचित्राला पाहतात. त्या काळच्या बोधचित्रसंग्रहांत अशी रूपके होतीच आणि ग्राहकाला ती ठाऊक होती. परंतु हॉलंडच्या सपाट, पाण्याने चिरलेल्या मुलखात माणूस पायी चालत होता आणि मासे धरत होता. ‘तीन झाडे’मध्ये गळवाल्यासमोर झुडपातले जोडपे ठेवले आहे म्हणून तिथे प्रेमाचा अर्थ मला पटतो, त्याच गळवाल्याला दुसऱ्या चित्रात एकटा बसवला, तर तो मासे पकडतो आहे एवढेच मी म्हणेन.

आता तुमच्या प्लेटवरच्या डागांकडे. पाठवलेल्या वर्णनावरून तीन गोष्टी होत असाव्यात. पहिली, तुम्ही पार्श्वभूमीच्या छायारेषा आधी काढता आणि माणूस त्यांच्यावर बसवता. उलट करा. माणूस आधी, अगदी कमी रेषांत: टोपीचा काठ, खांद्याचा उतार, दोन पायांमधली फट, पायाखालची लहानशी आडवी छाया. ती फट नसेल तर माणूस खांबासारखा दिसतो, आणि ती आडवी छाया नसेल तर तो हवेत तरंगतो. मग पार्श्वभूमीच्या रेषा त्याच्यापर्यंत आणा आणि केसभर अलीकडे थांबवा. कालोच्या किंवा फिस्खरच्या कोणत्याही चांगल्या प्रतीत ही पांढरी किनार भिंगाखाली दिसते.

दुसरी गोष्ट ॲसिडची. बोसच्या ग्रंथातले कठीण व्हार्निशसाठीचे द्रावण व्हिनेगर, मीठ, नवसागर आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) यांचे होते. प्लेट तिरपी ठेवून ते तिच्यावरून पुन्हा पुन्हा ओतले जाई. ते सावकाश खात असे आणि बुडबुडे धरत नसे. नायट्रिक ॲसिडमध्ये प्रत्येक रेषेवर बुडबुडे बसतात. पिसाने ते सारले नाहीत तर तिथे रेषा वेडीवाकडी रुंदावते, आणि सहा मिलिमीटरच्या माणसाला तेवढी रुंदी परवडत नाही. तुमच्या स्टुडिओत फेरिक क्लोराइड असेल तर बारीक आकृत्यांसाठी तेच वापरा, फक्त प्लेट पालथी ठेवा म्हणजे गाळ रेषांत बसणार नाही. दूरची माणसे लवकर थांबवा: पहिल्या छोट्या बाइटनंतर (ॲसिडमधल्या बुडवणीनंतर) प्लेट काढून, धुऊन, वाळवून त्यांच्यावर ॲसिड अडवणारे स्टॉप-आउट व्हार्निश लावा आणि मग पुढच्यांना वेळ द्या. कालो यासाठी चरबी आणि तेलाचे मिश्रण लावत असे. तुमचे व्हार्निश त्याहून चांगले आहे.

तिसरी गोष्ट, तुम्ही पडद्यावर मोठे करून पाहता आणि त्या मापाने काढता. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसारखी संग्रहालये या एचिंगच्या अतिशय स्वच्छ प्रतिमा विनामूल्य देतात आणि त्या जरूर पाहाव्यात. पण पडद्यावर बोटभर झालेल्या गळवाल्याला आपण नकळत नाकडोळे देऊ लागतो. प्रतिमा मूळ मापात कागदावर छापून घ्या, तो कागद हातभर अंतरावर धरा, आणि तेवढ्यात जे दिसते तेवढेच काढा. टेस्ट प्लेट म्हणून पाच बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्यावर एकच माणूस नऊ वेळा काढा, प्रत्येक वेळी एक रेषा कमी करत. माझ्या विद्यार्थ्यांत बहुतेकांना सातवा माणूस सर्वांत जिवंत वाटतो, आणि आठव्याला डोके नसते.